ऑस्ट्रेलियाच्या मातीतील शिशाचा समस्थानिक नकाशा : एक परीक्षण

ऑस्ट्रेलियाच्या पृष्ठभागावरील माती आणि गाळ यांतील शिशाच्या समस्थानिकांचा (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचा) खंडव्यापी नकाशा मेलबर्न विद्यापीठ आणि जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय भूवैज्ञानिक संस्थेतील संशोधकांनी तयार केला असून त्याचे सविस्तर वर्णन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. गाळातले शिसे मुळात कोठून आले हा प्रश्न ज्यांच्या कामात सतत उभा राहतो त्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे मी हा नकाशा वारंवार हाताळण्याच्या साधनासारखा वापरून पाहिला. माझे मत आरंभीच नोंदवते. काम उत्तम आहे आणि ते दीर्घकाळ उपयोगी पडेल. मात्र त्यातील खरी मोलाची वस्तू म्हणजे रंगीत चित्रामागचा आकड्यांचा तक्ता होय, आणि नमुना नेमका कोठला होता व तो कोणत्या रसायनात विरघळवला होता या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करून जो तो तक्ता वापरेल, त्याच्या हाती दिसायला पक्के पण चुकीचे उत्तर येईल.

या साधनाची योग्यता जोखण्यासाठी शिशाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. निसर्गात शिशाचे चार स्थिर समस्थानिक आढळतात: 204, 206, 207 आणि 208. यांपैकी 204 चे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे सुमारे 1.4 टक्के असते, आणि पृथ्वी घडल्यापासून त्यात भर पडलेली नाही. उरलेल्या तिघांत मात्र सतत भर पडत आली आहे. युरेनियम-238 चा क्षय होऊन शिसे-206 तयार होते आणि या युरेनियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे 447 कोटी वर्षांचे आहे. युरेनियम-235 पासून शिसे-207 तयार होते, अर्धायुष्य सुमारे 70 कोटी वर्षे. आणि थोरियम-232 पासून शिसे-208 तयार होते, अर्धायुष्य सुमारे 1,400 कोटी वर्षे. म्हणून खडकात युरेनियम व थोरियम शिशाच्या तुलनेत किती होते आणि तो खडक किती काळ तसाच राहिला, यावर त्यातील शिशाची गुणोत्तरे ठरतात. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये याच गुणोत्तरांच्या आधारे पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे असल्याचे दाखवले होते. युरेनियम-235 लवकर संपत गेल्यामुळे शिसे-207 ची बहुतेक वाढ पृथ्वीच्या तारुण्यातच होऊन गेली. त्यामुळे 207 चे 204 शी असलेले गुणोत्तर फार जुन्या भूकवचाची आठवण जपून ठेवते, तर 206 चे गुणोत्तर अलीकडच्या काळातही बदलत राहते. दोन्ही एकत्र वाचल्यावर जे कळते ते एकट्या कोणत्याही गुणोत्तरातून कळत नाही.

अशा नकाशाची गरज ऑस्ट्रेलियाला इतर खंडांपेक्षा अधिक होती, असे मला वाटते, आणि त्याचे कारण ब्रोकन हिल हे आहे. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला 1883 मध्ये सापडलेल्या शिशाच्या या अवाढव्य साठ्यातील गॅलेनामध्ये, म्हणजे शिशाच्या मुख्य धातुकात, युरेनियम जवळजवळ नसल्यामुळे त्याची गुणोत्तरे सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वी जशी होती तशीच गोठून राहिली आहेत: 206 चे 204 शी प्रमाण सुमारे 16.0, 207 चे सुमारे 15.4 आणि 208 चे सुमारे 35.7. क्वीन्सलँडमधील माउंट आयझाच्या धातुकातही ही प्रमाणे फार वेगळी नाहीत. आजच्या सरासरी भूकवचासाठी 1975 च्या स्टेसी-क्रेमर्स प्रतिमानात हीच तीन प्रमाणे सुमारे 18.7, 15.6 आणि 38.6 अशी मानली जातात. याचा अर्थ असा की ब्रोकन हिलचे शिसे जेथे जाईल तेथे आपली ओळख सोबत घेऊन जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे 1889 मध्ये शिसे वितळवण्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षापासून अंटार्क्टिकाच्या बर्फात ब्रोकन हिलशी जुळणाऱ्या शिशाची भर दिसू लागली. माणूस दक्षिण ध्रुवावर पोहोचण्याच्या बावीस वर्षे आधी त्याचे शिसे त्या खंडावर पोहोचले होते. पुढे हेच शिसे पेट्रोलमध्ये मिसळले गेले आणि 2002 मध्ये शिसेयुक्त पेट्रोलवर देशव्यापी बंदी येईपर्यंत ते शहरांच्या हवेत व मातीत पडत राहिले. या ओळखीच्या आधारे शिसे किती व कोठे पसरले हे शोधणारे अभ्यास अनेक झाले, परंतु त्या प्रत्येकाला एकच अडचण येत असे: त्या जमिनीचे स्वतःचे शिसे कसे असते, हे सांगणारी पायाभूत मोजणी खंडभर एकाच पद्धतीने झालेलीच नव्हती. जुने समस्थानिक नकाशे प्रामुख्याने धातुकांच्या नमुन्यांवर बेतलेले होते, आणि धातुक म्हणजे व्याख्येनेच अपवादात्मक जागा.

ती उणीव या नव्या कामाने भरून काढली आहे, आणि ती नवे नमुने गोळा न करता भरून काढली, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय भूरासायनिक सर्वेक्षण 2007 ते 2011 या काळात झाले. मोठ्या पाणलोट क्षेत्रांच्या मुखाजवळ, पुराचे पाणी पसरून गाळ टाकते अशा ठिकाणी, सर्वत्र एकाच नियमावलीनुसार नमुने घेण्यात आले: एक पृष्ठभागापासून 10 सेंटिमीटरपर्यंतचा आणि दुसरा साधारण 60 ते 80 सेंटिमीटर खोलीचा. प्रत्येक नमुना 2 मिलिमीटरपेक्षा बारीक आणि 75 मायक्रोमीटरपेक्षा बारीक अशा दोन भागांत चाळला गेला आणि उरलेला साठा जपून ठेवला गेला. शिशाच्या समस्थानिकांसाठी या साठ्यातील वरच्या थराचे, 2 मिलिमीटरपर्यंतच्या कणांचे 1,200 हून अधिक नमुने मोजण्यात आले आणि त्यांनी खंडाचा सुमारे 75 टक्के भाग व्यापला. उरलेल्या भागात पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांतील दुर्गम प्रदेश बऱ्याच प्रमाणात येतात, कारण मूळ सर्वेक्षणातच तेथे पोहोचता आले नव्हते. नकाशावर ती जागा रिकामी दिसते, आणि तिच्यात उगाच रंग भरला नाही, हे योग्यच झाले.

आता नमुन्याच्या जागेविषयी अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमज तेथूनच निघतात. मूळ सर्वेक्षणात सरासरीने 5,000 चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रामागे एक ठिकाण आहे. पूरमैदानावरील मूठभर गाळ हा वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातील झीज होऊन आलेल्या कणांचे मिश्रण असतो. निसर्गानेच तो चांगला घुसळून सरासरी काढून ठेवलेला असतो, आणि म्हणूनच इतक्या विरळ नमुन्यांतून एवढ्या मोठ्या खंडाचे चित्र उभे राहू शकते. परंतु त्याच कारणाने नकाशावरील एखाद्या ठिकाणचा रंग हा त्या ठिकाणच्या टेकडीतील किंवा शेतातील मातीचा रंग नसतो. पाणलोट क्षेत्राच्या वरच्या टोकाला असलेला ग्रॅनाइट आणि मुखाजवळचा बेसॉल्ट यांची गुणोत्तरे अगदी भिन्न असू शकतात आणि गाळाच्या नमुन्यात दोघांची सरमिसळ असते. वाळवंटी अंतर्भागात तर वाऱ्याने दुरून आणलेली धूळही त्यात भर घालते. म्हणून आपल्या हातातील एका मूठभर मातीचे मापन घेऊन नकाशावरील जुळणारा रंग शोधायचा आणि माती तेथलीच असा निर्णय द्यायचा, ही पद्धत या साधनाच्या बाबतीत मुळातच चुकीची आहे. 'ही माती अमुक प्रदेशातली असणे संभवत नाही' असे विधान मात्र त्यातून बऱ्याच खात्रीने करता येते, आणि न्यायवैद्यक तपासात किंवा अन्नपदार्थाच्या उगमाच्या पडताळणीत नकारार्थी विधानाचे मोल काही कमी नसते.

रंगांच्या चित्राबद्दल माझी तक्रार आहे ती याच संदर्भात. दोन मापनबिंदूंमध्ये अंतर मोठे असताना त्यांच्यामधली जागा गणिताने भरलेली असते आणि सलग रंगछटा पाहणाऱ्याला ती मोजलेली असल्याचा भास होतो. अशा कोणत्याही नकाशात हे टळत नाही, पण वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी मापनबिंदू वर दाखवूनच चित्र पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय येथे आकड्यांचा विस्तार फार मोठा आहे: 206 चे 204 शी प्रमाण सुमारे 15.6 पासून 30.6 पर्यंत जाते. मोजकीच फार उंच मूल्ये रंगपट्टी ताणून धरतात आणि ज्या 17 ते 20 या पट्ट्यात व्यवहारातले बहुतेक प्रश्न उभे राहतात तेथील फरक फिके पडतात. मी तक्ता उतरवून घेऊन, मूल्यांच्या क्रमानुसार समान संख्येचे गट पाडून, स्वतःचा नकाशा काढला तेव्हा पूर्वेकडील तरुण पर्वतपट्टे आणि पश्चिमेकडील यिलगार्न व पिलबारा या 250 कोटी वर्षांहून जुन्या भूखंडांचे गाळ यांची तुलना मला कितीतरी अधिक स्पष्टपणे करता आली.

यापुढचा मुद्दा रसायनशास्त्राचा असून माझ्या दृष्टीने तो या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा आहे. नमुने थेट विरघळवलेले नाहीत. आधी अमोनियम अॅसिटेटच्या द्रावणाने कणांवर सैलपणे चिकटलेले शिसे धुऊन काढले आहे आणि त्यानंतर अम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात, विद्रावण केले आहे. या निवडीचे परिणाम दोन्ही टोकांना होतात. पहिल्या धुण्यामुळे अलीकडे हवेतून येऊन पडलेल्या शिशाचा बराच भाग निघून जातो, आणि ज्याला जमिनीचे मूळचे शिसे पाहायचे आहे त्याच्यासाठी ते इष्टच आहे. पण लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांत घट्ट बसलेले प्रदूषण त्याने निघत नाही, म्हणून उरलेले सगळे निखळ नैसर्गिक आहे असेही मानता येत नाही. दुसऱ्या टोकाला, अम्लराज सिलिकेट खनिजे पूर्णपणे फोडत नाही. झिरकॉन तर त्यात जवळजवळ जसाच्या तसा राहतो, आणि त्याच्या आत युरेनियमच्या क्षयातून साठलेले शिसे मोजणीत येतच नाही; पोटॅश फेल्डस्पार, ज्यात शिसे भरपूर आणि युरेनियम नगण्य असल्याने जुनी गुणोत्तरे टिकून राहतात, तोही अंशतःच विरघळतो. तेव्हा नकाशा दाखवतो ते मातीतील संपूर्ण शिसे नसून आम्लाला वश होणारे शिसे आहे. एखाद्या प्रयोगशाळेने हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विद्रावण करून आपली मूल्ये काढली आणि ती या तक्त्याशेजारी ठेवली, तर दोन्हींत दिसणारा फरक प्रदूषणाचा नसून केवळ पद्धतीचा असू शकतो. त्याचप्रमाणे न धुतलेल्या मातीचे मापन या पायाभूत मूल्यांशी ताडून पाहिले तर धुण्यात गेलेले नैसर्गिक शिसेही प्रदूषणाच्या खात्यात जमा होण्याचा धोका राहतो. या तक्त्याशी तुलना करायची असेल तर आपले नमुने त्याच क्रमाने, त्याच रसायनांनी हाताळावेत. वेळ व खर्च वाढला तरी याला पर्याय नाही.

प्रदूषणाचा हिशेब किती सहज फसतो हे एका उदाहरणाने दाखवता येईल. एका किलो मातीत 10 मिलिग्रॅम शिसे सरासरी भूकवचाच्या गुणोत्तरांचे आहे असे समजू, आणि त्यात तितकेच ब्रोकन हिलचे शिसे मिसळले असे मानू. मिश्रणाचे 206 चे 204 शी प्रमाण 17.3 च्या आसपास येईल. परंतु जुन्या, युरेनियम कमी असलेल्या खडकाच्या झिजेतून आलेल्या निष्कलंक गाळातही 17.3 हे प्रमाण सहज मिळू शकते. या दोहोंत भेद करायचा तर 207 आणि 208 ची प्रमाणे, शिशाचे एकूण प्रमाण आणि त्याच नमुन्यातील इतर मूलद्रव्ये अशी सगळी माहिती एकत्र पाहावी लागते. येथेच या साधनाची बाजू भक्कम आहे, कारण त्याच नमुन्यांची 60 हून अधिक मूलद्रव्यांची विश्लेषणे मूळ सर्वेक्षणात आधीपासूनच उपलब्ध आहेत आणि नमुन्याच्या क्रमांकावरून ती जोडून घेता येतात. मी ती जोडणी केल्यावरच मला या माहितीचा पुरता उपयोग झाला. समस्थानिकांची फाइल एकटी उघडून बसणाऱ्याला तिचे अर्धेही मोल कळणार नाही.

मापनाच्या अचूकतेबद्दल थोडक्यात. येथे एकच संवेदक असलेला सेक्टर फील्ड प्रकारचा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र, वापरला आहे. अनेक संवेदक असलेल्या यंत्राची किंवा औष्णिक आयनीकरणाच्या पारंपरिक पद्धतीची अचूकता त्याला येत नाही, आणि 204 मुळातच विरळ असून त्याच वस्तुमानाचा पारा मोजणीत मिसळू शकत असल्याने 204 वर आधारलेली प्रमाणे सर्वांत आधी डळमळतात. तथापि खंडभरातील नैसर्गिक फरक यंत्राच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठे आहेत, त्यामुळे हजारांहून अधिक नमुने परवडणाऱ्या खर्चात मोजण्यासाठी केलेली ही निवड मला योग्य वाटते. 207 चे 206 शी आणि 208 चे 206 शी अशी 204 विरहित प्रमाणेही दिली आहेत, म्हणजे एकूण पाच प्रमाणे मिळतात. 204 हा छेद सामाईक असलेली दोन प्रमाणे एकमेकांसमोर आलेखावर मांडली की 204 च्या मापनातील चुकीमुळेच एक तिरकी रेषा उमटते आणि नवखा अभ्यासक तिलाच दोन स्रोतांच्या मिश्रणाची रेषा समजून बसतो. शंका आली की 204 विरहित प्रमाणांचा आलेख काढून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र या किंवा कोणत्याही समस्थानिक नकाशाकडे मागू नये. ब्रोकन हिल किंवा माउंट आयझा यांसारख्या खाणींच्या गावांत मुलांच्या रक्तात आढळणारे शिसे उघड्या धातुकाच्या नैसर्गिक झिजेतून आले की खाणकाम व वितळवणीच्या धुळीतून आले, यावर दीर्घकाळ वाद झाला आहे. मूळ धातुक एकच असल्यामुळे दोन्ही वाटांनी येणाऱ्या शिशाची समस्थानिक ओळखही एकच असते. तेथे कणांचे आकार व रूप, धुळीच्या थरांचे वय, वाऱ्याची दिशा आणि खोलीनुसार बदलणारे प्रमाण हेच पुरावे कामी येतात. ज्या कुटुंबांना हा प्रश्न रोज भेडसावतो त्यांच्यापुढे नुसता गुणोत्तरांचा आकडा निर्णायक म्हणून ठेवणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हा मुद्दा येथे मुद्दाम लिहिला.

युरोपात गेमास प्रकल्पाने 33 देशांतील शेतजमीन व कुरणे यांच्या मातीचे सर्वेक्षण सुमारे 2,500 चौरस किलोमीटरमागे एक नमुना या घनतेने केले होते आणि त्यातील शेतमातीच्या शिशाची समस्थानिक प्रमाणेही मोजली गेली. घनतेत तो प्रकल्प सरस आहे. परंतु युरोपचा उत्तर भाग हिमनद्यांनी खरवडून नव्याने मांडलेला आहे आणि नमुनेही तेथे नांगरलेल्या जमिनीचे आहेत. ऑस्ट्रेलियाचा बराचसा पृष्ठभाग अतिप्राचीन असून खोलवर झिजलेला आहे आणि नमुने पूरगाळाचे आहेत. दोन खंडांचे नकाशे शेजारी ठेवून रंगांची तुलना करणे म्हणूनच फारसे अर्थपूर्ण नाही.

वापराच्या सोयीबद्दल तक्रारीला जागा नाही. माहिती विनामूल्य आहे, श्रेय देऊन कोणालाही वापरता येते, साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते, आणि प्रत्येक नमुन्याचे अक्षांश-रेखांश सोबत मिळतात. मातीने झाकलेल्या खनिजसाठ्यांचा माग काढणारे, धुळीचा उगम शोधणारे आणि प्रदूषणाच्या अभ्यासासाठी पायाभूत मूल्य हवे असलेले, अशा तिघांनाही मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. एखाद्या शहरातील एका वस्तीच्या मातीबद्दल निर्णय घ्यायचा असलेल्याने मात्र स्वतःचे दाट नमुने घ्यावेत आणि याचा उपयोग केवळ पार्श्वभूमी म्हणून करावा.

माझी एक अपेक्षा शिल्लक राहते. समस्थानिकांची मोजणी वरच्या 10 सेंटिमीटरच्या थरापुरती आहे, आणि माणसाने पसरवलेले शिसे नेमके याच थरात अडकून राहते. त्याच ठिकाणच्या 60 ते 80 सेंटिमीटर खोलीच्या नमुन्याचे प्रमाण शेजारी असते, तर दोन थरांतील फरकावरूनच प्रदूषणाचा अंदाज बांधता आला असता आणि अमोनियम अॅसिटेटच्या धुण्यावर इतका भार टाकावा लागला नसता. सगळी ठिकाणे नव्हे, नुसती पोर्ट पिरीच्या भोवतालची, ब्रोकन हिलच्या आसपासची आणि मोठ्या शहरांच्या वाऱ्याच्या दिशेतील काही ठिकाणे निवडली तरी पुरे आहे. ते खोल नमुने 2011 पूर्वीच घेतलेले, चाळलेले आणि क्रमांक घालून साठवलेले आहेत.